न्हाणीघरातील केर



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. केराविषयी बोलावयाचे तर स्वयंपाकघरातल्या, अंगणातल्या, फार तर रस्त्यावरच्या केराविषयी बोलावे. न्हाणीघर ही तर स्वच्छ होण्याची जागा, तेथे केर कसला? दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझीही समजूत अशीच होती. मी रसायनशास्त्राचा अभ्यासक नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मास्तरकी पत्करली आणि मुलांना हिशेब शिकविण्यात आयुष्य गेले. तेव्हा आज जे सांगणार आहे त्यात हिशेबाचा भाग अधिक आणि पांडित्याचा कमी आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

ही समजूत मोडली ती एका लहानशा प्रसंगाने. आमच्या पुण्यातील गल्लीत घरोघरचा केर नेण्यास एक बाई येतात. एके सकाळी त्यांच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली दिसली. विचारले तेव्हा म्हणाल्या, "गुरुजी, काल कुणाच्या तरी पिशवीत पातं होतं. ओलं-सुकं वेगळं करताना बोटात गेलं." 'कुणाच्या तरी' असे त्या म्हणाल्या, परंतु आदल्याच दिवशी दाढीचे जुने पाते कागदाच्या कपट्यातसुद्धा न गुंडाळता मी टोपलीत टाकले होते, हे मला पक्के आठवत होते. ते पाते माझे होते की शेजाऱ्याचे, याचा निवाडा आता व्हावयाचा नाही. पण त्या दिवशी मी न्हाणीघरातील टोपली जुन्या वर्तमानपत्रावर पालथी केली आणि तीत काय काय निघते ते एका वहीत टिपून ठेवण्यास आरंभ केला.

महिनाअखेर वही पाहिली तेव्हा मी चकित झालो. आमचे कुटुंब पाच माणसांचे. त्या महिन्यात शांपूच्या रिकाम्या पुड्या निघाल्या, टूथपेस्टच्या नळ्या निघाल्या, द्रवरूप साबणाची बाटली, दोन झिजलेले ब्रश, फेकून द्यावयाचे तीन वस्तरे, कान कोरण्याच्या काड्या, अंग घासण्याची नायलॉनची फाटकी जाळी, आणि सुनेने व नातीने कागदात गुंडाळून ठेवलेल्या पुड्या. यांपैकी पुनः उपयोगी पडेल असे जवळजवळ काहीच नव्हते. स्वयंपाकघरातील भाजीची देठे सहा आठवड्यांत माती होऊन कुंडीत जातात. येथली एकही वस्तू माती होणारी नव्हती.

न्हाणीघरातून वस्तू बाहेर जाण्याचे मार्ग दोन. एक टोपलीचा आणि दुसरा मोरीचा. टोपलीतून जाते ते कोणा माणसाच्या हातांत पडते. मोरीतून जाते ते नदीला मिळते. आपल्या दृष्टीआड झाले म्हणून ते नाहीसे झाले असे नव्हे. पुण्याचा केर अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील डेपोत जाऊन पडत असे. तेथील विहिरींचे पाणी नासले व गावकऱ्यांना आपल्याच विहिरींकडे पाठ फिरवून टँकरची वाट पाहावी लागली. मोरीचे म्हणाल तर आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसले आहेत. त्यात कारखान्यांच्या सांडपाण्याचा वाटा आहे, तसा प्रक्रिया न होता नदीत सुटणाऱ्या घरगुती सांडपाण्याचाही आहे. या दोन मार्गांकडे लक्ष ठेवून आपण आता न्हाणीघरातील एकेक वस्तू पाहू.

पहिली वस्तू दात घासण्याचा ब्रश. एके काळी ब्रशाला डुकराचे राठ केस आणि हाडाची वा लाकडाची दांडी असे. १९३८ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या नायलॉनचे केस असलेला ब्रश बाजारात आला आणि पुढे दांडीही प्लॅस्टिकची झाली. दंतवैद्य सांगतात की ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा. म्हणजे माणशी वर्षास तीन ते चार, आणि आमच्या घरात पंधरा ते वीस. ब्रश कमी वापरून हा आकडा उतरवावा असे मी सांगणार नाही; झिजलेल्या ब्रशाने दातांचे अहितच होते. मग उरते ती दांडी. दांडी बांबूची घेतली तर तिची माती होऊ शकते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बांबूच्या ब्रशाचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, जाहिरातीत काही का लिहिलेले असेना. तो जुना झाला म्हणजे पकडीने केस उपटून काढावेत व नुसती दांडी खतात टाकावी. वापरात असताना तो उभा करून कोरडा ठेवावा, नाहीतर दांडीला बुरशी धरते. आणि प्लॅस्टिकचा जुना ब्रश घरात असेल तर तो तत्काळ फेकू नये. फरशीच्या सांधी आणि नळाच्या कडा घासण्यास त्यासारखे साधन नाही.

ब्रशापाठोपाठ मंजनाचा विचार येतो, आणि येथे मला जुन्याच्या अभिमान्यांशी थोडा वाद घालावयाचा आहे. पूर्वीचे सर्वच चांगले होते असे मानणारे पुष्कळ आहेत. कडुनिंबाची वा बाभळीची काडी चावून दात घासणे ही उत्तम चाल होती, यात शंका नाही. काडी शेवटी मातीतच जाते. परंतु राखुंडीने दातांवरील कठीण कवच घासले जाते आणि ते पुनः वाढत नाही. मिश्रीची गोष्ट तर याहून वाईट. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. ती दातांना लावता लावता तिचे व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगास आमंत्रण मिळते. माझ्या लहानपणी शेजारपाजारच्या कितीतरी वृद्ध स्त्रिया सकाळी मिश्री लावीत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा केर कमी व्हावा म्हणून आरोग्य गमावावे, असा या भाषणाचा अर्थ कृपा करून कोणी करू नये. टूथपेस्टमधील फ्लोराइडाने दात किडण्यास आळा बसतो, ही सिद्ध झालेली गोष्ट आहे. ती सोडण्याचे कारण नाही.

मात्र तिची नळी कसली आहे ते समजून घ्यावे. पूर्वी ती निखळ धातूची असे. आज पुष्कळ नळ्यांत प्लॅस्टिकचे थर व मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा एकजीव केलेला असतो. हे थर सहजासहजी सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला तिला हात लावीत नाही. उपाय साधे आहेत. जाहिरातीतल्याप्रमाणे ब्रशभर पेस्ट घेऊ नये. वाटाण्याएवढी मोठ्या माणसासही पुरते. नळी संपली असे वाटले की कात्रीने ती आडवी कापून पाहावी. आमच्याकडे त्यातून आणखी चार-पाच दिवसांची पेस्ट निघते. आणि मोठी नळी घ्यावी, कारण त्याच पेस्टसाठी चार लहान नळ्यांना जितके वेष्टन लागते तितके एका मोठ्या नळीस लागत नाही.

आता स्नानाकडे वळू. साबणाची वडी आणि बाटलीतील द्रव साबण यांत फरक काय, असे नातीने मला विचारले होते. मी तिला म्हणालो, "बाळ, बाटलीत बहुतांश पाणीच असते. पाणी आपल्या नळाला आहेच. ते प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून, मालमोटारीतून शेकडो मैल आणून विकत घेण्यात शहाणपणा कोणता?" वडीला कागदाचे वेष्टन पुरते. वडी निवडताना तिच्या वेष्टनावर टी. एफ. एम. म्हणून जो आकडा छापलेला असतो तो वाचावा. त्यावरून वडीत तेला-चरबीपासून आलेला खरा साबणाचा अंश शेकडा किती, हे कळते. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात तो शेकडा ७६ किंवा अधिक असावा लागतो, दुसऱ्या प्रतीच्या साबणात ७० आणि तिसऱ्या प्रतीच्या साबणात ६०. हा अंश जितका अधिक तितकी वडी कमी विरघळते व अधिक दिवस पुरते. परंतु उत्तम वडीसुद्धा पाण्याच्या डबक्यात बसवून ठेवली तर आठ दिवसांत लगदा होते. साबणदाणीला खाली भोके असावीत. उरलेली चकती नव्या वडीला ओली असतानाच चिकटवावी, ही आपल्या आयांची रीत अजूनही तितकीच उपयोगी आहे.

केसांच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शांपूची पुडी. १९८० नंतरच्या दशकात ती प्रथम दक्षिणेत, तमिळनाडूत, लोकप्रिय झाली व तेथून देशभर पसरली. तिने एक चांगले काम केले, हे मान्य केले पाहिजे. ज्याला बाटली परवडत नव्हती त्याच्या हाती ती वस्तू एका रुपयात आली. परंतु ज्या घरात बाटली परवडते त्या घरातही केवळ सोयीसाठी पुड्यांची माळ टांगलेली असते, ती कशाला? पुडीही थरांच्या प्लॅस्टिकची आणि वजनाने इतकी हलकी की दिवसभर वेचली तरी चार पैसे सुटत नाहीत. म्हणून कचरावेचक ती उचलत नाहीत आणि ती गटारात जाऊन पावसाळ्यात पाणी तुंबविते. तिच्याऐवजी शांपूची वडी, एकच मोठी बाटली, अथवा शिकेकाई वापरावी. शिकेकाई आणि रिठा यांत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. फेस होतो तो त्यामुळे. येथेही एक इशारा देतो. वनस्पतीपासून आले म्हणजे ते निरुपद्रवी, असा नियम नाही. रिठ्याच्या त्याच फेसाने मासे मरतात व काही ठिकाणी मासे धरण्यासाठी त्याचा उपयोग होत आलेला आहे. म्हणून रिठ्याचे पाणी थेट ओढ्यात वा तळ्यात सोडू नये. मात्र घरातल्या बेताच्या वापरात भिण्यासारखे काही नाही.

अंग घासण्यास नायलॉनची जाळी कशाला हवी? घोसाळे वेलीवरच पुरते वाळू दिले, साल सोलली आणि बिया झटकल्या की आत जे जाळे उरते त्याने अंग उत्तम घासले जाते, आणि झिजले की ते कुंडीत पुरता येते. टाचांना वजरी पुरते. तोंडास लावावयाच्या काही मलमांत पूर्वी प्लॅस्टिकचे बारीक कण घातलेले असत, आणि ते मोरीवाटे सरळ नदीत जात. भारतीय मानक संस्थेने २०१७ साली असे कण सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास अयोग्य ठरविले. मसुरीच्या वा हरभऱ्याच्या डाळीचे भरड पीठ हे काम जाता येता करते. कान कोरण्याच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, आणि वैद्यांचे म्हणणे ऐकाल तर कानात कसलीच काडी घालू नये.

दाढीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता. किंग जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९०३ साली बदलत्या पात्याचा वस्तरा विक्रीस आणला. त्याचे पाते फेकावयाचे, पण मूठ जन्मभर पुरावयाची. पुढे १९७५ साली मूठही फेकून द्यावयाचा वस्तरा निघाला. त्यात पोलाद आणि प्लॅस्टिक असे जखडलेले असते की दोन्ही वाया जातात. मी आता पुनः धातूच्या मुठीकडे वळलो आहे. तिचे पाते निखळ पोलादाचे असते व वितळवून पुनः कामी येऊ शकते. पण ते धारदार आहे, हे विसरून चालत नाही. पत्र्याच्या एका जुन्या डबीच्या झाकणाला मी बारीक फट पाडली आहे. जुनी पाती तीत टाकतो. डबी भरण्यास काही वर्षे लागतील. भरली की चिकटपट्टीने बंद करून वर 'पाती' असे लिहून हातात द्यावयाची, असे त्या बाईंशी ठरले आहे.

यानंतरचा विषय माझ्या वयाच्या पुरुषाने बोलावा की नाही, याचा मी बराच विचार केला. शेवटी सुनेने सांगितले, "बाबा, केराविषयी बोलणार आणि हे वगळणार, तर तुमचा हिशेब चुकेल." ती हिशेबाची भाषा बोलली आणि मी गप्प झालो. मासिक पाळीच्या दिवसांत वापरावयाच्या पट्ट्यांविषयी ती बोलत होती. दिवसास चार आणि दिवस पाच धरले तर महिन्यास २०, वर्षास २४०. तेराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत म्हणजे ३७ वर्षांचा गुणाकार केला तर ८,८८० होतात, आणि तेही एका स्त्रीचे. बाजारातील बहुतेक पट्ट्यांत प्लॅस्टिकचा थर असतो. त्या कुजत नाहीत, आणि उघड्या टाकल्या तर दुसऱ्या एखाद्या स्त्रीलाच त्या हाताने वेगळ्या कराव्या लागतात. म्हणूनच पुण्यातील 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशी विनंती केली की त्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात व वर तांबडा ठिपका काढावा. ठिपका पाहिला की पुडी उघडण्याची वेळ येत नाही. एका तांबड्या पेन्सिलीचे हे काम! ते ज्या घरी होत नसेल त्या घरी आजपासून व्हावे.

केर मुळातच कमी करावयाचा तर सिलिकोनचा कप किंवा धुऊन वापरण्याच्या कापडी पट्ट्या असे दोन मार्ग आहेत. कप ही काही कालची कल्पना नव्हे. लिओना चाल्मर्स या अमेरिकन बाईंनी १९३७ साली त्याचे पेटंट घेतले होते. चांगला कप नीट उकळून व निगा राखून वापरला तर अनेक वर्षे टिकतो. केरळातील कुंबळंगी या गावी हजारो कप वाटण्यात आले व जानेवारी २०२२ मध्ये ती देशातील पहिली सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत म्हणून जाहीर झाली. कापडी पट्टीबाबत मात्र पूर्वीची एक वाईट चाल सोडली पाहिजे. लाजेपायी ती अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालीत असत. ती साबणाने धुऊन कडक उन्हातच वाळविली पाहिजे. कोणता मार्ग पत्करावा हे ज्या त्या स्त्रीने आपल्या प्रकृतीप्रमाणे, गरज वाटल्यास डॉक्टरांस विचारून ठरवावे. घरातील पुरुषांनी त्यासाठी दोरीवर उन्हाची जागा मोकळी ठेवावी.

आता थोडे पाण्याविषयी, कारण तेही केरासारखेच वाया जाते. फवाऱ्याखाली बादली ठेवून ती किती मिनिटांत भरते ते घड्याळावर पाहा. मिनिटास ९ लिटर पडत असतील तर दहा मिनिटांच्या स्नानास ९० लिटर, म्हणजे वीस लिटरच्या साडेचार बादल्या लागल्या. आणि २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास साधारण एक-तृतीयांश युनिट वीज लागते. तेव्हा प्रत्येक जादा बादलीबरोबर वीजही मोरीतून वाहून जाते. शौचकूपाची टाकी जुन्या पद्धतीची व मोठी असेल तर तीत एक लिटरची भरलेली बाटली उभी करावी. मळ नीट वाहून जात असेल, तर दर वेळी एक लिटर वाचेल. पाच माणसांनी दिवसास पाच पाच वेळा टाकी सोडली तर दिवसास २५ आणि वर्षास ९,१२५ लिटर! हे गणित मी शाळेत का घातले नाही, याचे आता मला वाईट वाटते.

फरशी व नळांवरील पांढरे डाग हे जड पाण्यातील चुन्याचे असतात. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून लावले की ते सुटतात. तीव्र आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही मात्र कधीही एकत्र करू नयेत; त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो.

हे सर्व ऐकून उद्याच बाजारात जाऊन बांबूच्या ब्रशांचा ढीग आणावा आणि घरातील प्लॅस्टिक फेकून द्यावे, असे कोणास वाटले तर माझे भाषण फुकट गेले असे मी समजेन. चांगली वस्तू अर्धवट वापरून टाकणे हाही केरच होय. हाताशी आहे ते संपू द्यावे; संपले की तिच्या जागी येणाऱ्या वस्तूसंबंधी तीन प्रश्न विचारावेत. ही कशाची केली आहे? ही किती दिवस पुरेल? आणि संपल्यावर ही कोणाच्या हाती जाईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर किंवा दुकानात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र सकाळी आपल्याच दारात येऊन उभे राहते, आणि आपण त्याचे नावही बहुधा विचारलेले नसते.

आमच्या घरी दोन वर्षांत सर्व काही बदलले, असे मी म्हणणार नाही. मुलाला फवारा सुटत नाही, नातीला शांपूच्या वडीचा वास आवडला नाही, आणि पेस्टची नळी अजून टोपलीतच जाते. परंतु पुड्यांची माळ उतरली, फेकावयाचे वस्तरे बंद झाले, आणि पूर्वी आठवड्यास दोनदा भरणारी टोपली आता पंधरा दिवसांनी भरते. आपणही एकदा आपल्या न्हाणीघरातील टोपली वर्तमानपत्रावर पालथी करून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.